आधी मालक, मग मजूर

सुजाताताई सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट उदगीरजवळच्या एका माळावर झाली. तिथे सोलर प्लेटा बसवण्याचे काम चालू होते आणि मी गुत्तेदारांकडे, म्हणजे कंत्राटदारांकडे, सुपरवायझर होतो. त्या दिवशी सुरक्षेचे प्रशिक्षण होते. म्हणजे काय, तर जीपमधून हेल्मेटांचे एक पोते आले होते. मजुरांनी हेल्मेट घालायचे, फोटो काढायचा, हेल्मेट परत पोत्यात आणि पोते पुढच्या साइटवर. प्रशिक्षण देणाऱ्या कंपनीच्या प्रमुख म्हणून ताईंनी फोटोत मधोमध बसायचे, एवढेच त्यांचे काम ठरवलेले होते.

ताई बसल्या नाहीत. त्यांनी खांबाला दोर बांधायला लावला, उंचावर चढणाऱ्यांसाठी आणलेला पट्टा उचलला आणि गुत्तेदारांपुढे धरला.

"मालक, आदी तुमी."

"मला कशाला, बाई? मी काय वर चढून राहिलो का?"

"पट्टा तुमीच आणलाय न्हवं? मग तुमीच लटकून बघा."

मजूर बघत होते, त्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना. जमिनीपासून हातभरच वर घेतले असेल, पण तो स्वस्तातला पट्टा मांड्यांत असा रुतला की साहेब ओरडू लागले, "उतरवा, उतरवा!" ताईंनी उतरवले आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "तिकडं वर कुणी लटकलं, तर उतरवायला लई येळ लागतो, मालक." दुसऱ्या दिवशी चांगले पट्टे आले. त्या महिन्याचा पगार घेऊन मी नोकरी सोडली आणि ताईंच्या कंपनीत आलो.

ताई मूळच्या परिचारिका. नांदेडला भाजलेल्यांच्या वॉर्डात त्यांनी विजेने जळालेले हात वर्षानुवर्षे बांधले. मलम घेऊन मागून धावण्यापेक्षा आपणच आधी पोहोचावे, म्हणून त्यांनी नोकरीवर पाणी सोडले आणि नांदेडला ही कंपनी काढली. पुढे लातूरला केंद्र सुरू केले. तोवर वीजच बदलली होती. तारा ओढणारी माणसे प्लेटा बसवू लागली, पवनचक्क्यांवर चढू लागली. जुन्या लाइनमनच्या हाताला सवय अशी, की खटका पाडला म्हणजे तार मेली. प्लेटांचे तसे नसते. उजेड आहे तोवर त्या वीज करतच राहतात. ताई प्रत्येक तुकडीला पहिल्याच तासाला बजावत, "खटका पाडला म्हणून सूर्य मावळत न्हाई, बाबांनो." आणि मग प्लेट जाड ताडपत्रीने झाकायला लावत.

ताईंच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला गोड लिहायला सांगितले आहे. इथपर्यंत जमले. यापुढे जमणार नाही.

अर्धापूरचे कैलासराव केळीच्या बागांतले काम सोडून ताईंकडे शिकले आणि पवनचक्कीच्या कामावर लागले. गुत्तेदार आमचे तेच, उदगीरच्या माळावरचे. एका सकाळी त्यांच्या हाती उसवलेल्या शिवणीचा पट्टा आला. "ह्यो घालून म्या चढणार न्हाई," एवढेच ते म्हणाले. त्यांना भित्रा ठरवून तिथल्या तिथे कामावरून काढले. गावभर एकच बोलणे सुरू झाले, "बाईचं ऐकलं आन् रोजी गेली."

हे कानावर येताच ताई अर्धापूरला गेल्या. चुलीपुढे बसून भाकरी खाल्ली आणि कैलासरावांच्या पत्नीला म्हणाल्या, "न्हाई म्हणायला म्याच शिकवलं त्यांना. आता ती जिम्मेदारी माझी हाय." कैलासराव लातूरच्या केंद्रात शिकवू लागले. उसवलेल्या पट्ट्याची गोष्टही ताईंनी काम देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या कानावर घातली.

झाले! लातूर जिल्ह्यातले सगळे गुत्तेदार एक झाले. ताईंकडे एकही तुकडी पाठवायची नाही, असे ठरले. अर्ध्या तासात फोटो काढून देणारे दुसरे मिळतातच. परिणाम असा, की या महिनाअखेर लातूरच्या केंद्राला कुलूप लागेल. एका माणसाने जीव वाचवण्यासाठी नाही म्हटले, म्हणून त्याची रोजी दुसऱ्यांदा जाणार आहे, आणि कुणालाच लाज वाटत नाही.

आता या ग्रंथाचे पहिले पान उघडा. ताईंच्या षष्ट्यब्दीच्या गौरव समितीचे स्वागताध्यक्ष कोण? तेच, उदगीरला पट्ट्यात लटकलेले गुत्तेदार! आपल्या शुभेच्छांत त्यांनी ताईंना "सुरक्षेची देवता" म्हटले आहे. ताईंच्या घरात देव्हारा नाही, तथागतांची तसबीर आहे, एवढेही साहेबांना ठाऊक नाही. देवता केली की पाया पडून मोकळे होता येते, ऐकावे लागत नाही. मला या शब्दाचा संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

निमंत्रणपत्रिका घेऊन मी तावातावाने ताईंकडे गेलो. हा सत्कार नाकारा, असे सांगितले. ताई हसल्या. "येते की. पण शाल नगं मला. शालीनं माणूस वर धरता येत न्हाई." मग त्यांनी अट घातली. कार्यक्रम सभागृहात नको, लातूरच्या केंद्राच्या पटांगणात करा, आणि ज्याला सत्कार करायचा आहे त्याने आधी पट्ट्यात लटकावे. समितीला मी तसे कळवले आहे. अजून उत्तर नाही.

खांब उभा आहे. दोर कैलासरावांनी स्वतः तपासला आहे. पहिला मान अर्थातच स्वागताध्यक्षांचा.

ताईंना धडधाकट शंभर वर्षे मिळोत, असे त्या दिवशी सगळेच म्हणतील. मीही म्हणतो, अगदी पोटातून म्हणतो. ज्यांना ते खरोखर म्हणायचे असेल, त्यांनी सैल पायजमा घालून यावे, आणि पट्ट्यातून उतरल्यावर आपले मजूर शिकायला कधी पाठवणार, ते कैलासरावांना सांगून जावे.