सुखी दिसायचं नाही

"टिकली काढा, वहिनी. निराधारात अर्ज हाय न्हवं?"

आटपाडीकडचं आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात पेन्शनच्या अर्जांची पडताळणी चालू होती. मोबाइलवर फोटो काढणारा क्लार्क गावातलाच, डाळिंबाच्या मोठ्या बागवाल्याचा मुलगा. माझ्यामागे रांग.

"वर सायेब फोटो बघत्यात. अशी नटल्याली बाई दिसली तर म्हणतील, हिला कसलं दुःख?"

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पावडर बी लावलीया बघा."

लोक हसले.

नवरा जाऊन अकरा महिने झाले होते. प्रेत उचलण्याआधीच बायकांनी माझं कुंकू पुसलं होतं. ही टिकली त्या सकाळी माझ्या सात वर्षांच्या मुलीने लावली होती. फोटो आहे म्हणून. ती शेजारीच उभी होती.

मी टिकली काढली. फोटो निघाला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या कपाळावरचीही काढली.

पेन्शन सुरू झाली. त्या पैशाने फरक पडला, हे मी नाकारणार नाही. मुलीच्या दम्याचं औषध दिराकडे मागावं लागेना. झोप लागू लागली. पण नळावर हसणं मी सोडलं. भावाने दिलेली साडी ट्रंकेतच राहिली. कोणी तक्रार केली तर? पाच वर्षं मी दुःखी दिसण्याची नोकरी केली. मुलगी घरातही तोंडावर हात धरून हसायला शिकली.

गेल्या महिन्यात सर्वेक्षणाला शहरातून एक ताई आल्या. सोबत तोच क्लार्क.

"योजनेमुळे तुम्ही किती आनंदी आहात? एक ते दहामध्ये सांगा."

"धा म्हणा की," क्लार्क म्हणाला. "सरकार घरबसल्या देतंय. आनि काय पायजे?"

मी म्हणाले, "आकडा न्हाई सांगत. लिवा. औषध मिळतंय. पर हसायची चोरी झालीया. सुखी दिसायचं न्हाई, आसं ह्यांनीच सांगितलंया."

ताईंचं टॅबवरचं बोट थांबलं. "तसा पर्याय नाहीये यात."

क्लार्क उठला. "मग चौकशी लागंल, वहिनी."

"लावा."

चौकशी लागली. या महिन्याची पेन्शन आलेली नाही. औषधासाठी परत दिराच्या दारात उभी राहिले. मुलीचा तोंडावरचा हात अजून खाली आलेला नाही. तो येईल की नाही, मला माहीत नाही.

सोमवारी आमच्या गल्लीतल्या सुमनची पडताळणी आहे. सव्वीस वर्षांची. नवरा दिवाळीत अपघातात गेला. काल तिने विचारलं, "आक्का, जाताना कंचं लुगडं नेसू?"

"तुला आवडंल ते."

तिचा फोटो निघेपर्यंत मी त्या क्लार्कसमोरून हलणार नाही.