उणे दहाची उन्हाळी झोप

माझ्या मुलीनं मला ट्रेकला बोलावलं तेव्हा पहिली शंका मला आली ती ही, की शेवटच्या क्षणी कोणीतरी गळालं असणार आणि जीपचं भाडं वाटून घ्यायला एक डोकं कमी पडत असणार. ती नुकतीच नोकरीला लागली होती. कॉलेजची सगळी वर्षं तिनं सह्याद्री पालथा घातला, पण बापाला कधी विचारलं नव्हतं. मी तोंडावर काही दाखवलं नाही. "बघतो, रजा मिळते का," एवढंच म्हणालो. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला सांगताना माझाच आवाज चिरकला.

अटी होत्या. मार्चअखेरचे दोन मुक्काम, ज्याचं ओझं त्यानं वाहायचं, शिवाय सगळ्यांच्या सामानातलं पातेलं माझ्याकडे. "हे नीट जमलं तर दिवाळीनंतर मोठ्या ट्रेकला नेऊ तुला," ती म्हणाली. म्हणजे ही चाचणी परीक्षा होती. नोकरीतल्या बढतीच्या परीक्षेला मी दोनदा दांडी मारली होती. या परीक्षेत मात्र मला काहीही करून पास व्हायचं होतं.

"बाबा, तुला स्लीपिंग बॅग लागेल. उन्हाळी, हलकी, स्वस्तातली. खडकीत एक दुकान आहे, तिथेच जा."

"तिथेच का?"

"कारण तिथे चांगली मिळते."

"आपली सोलापुरी चादर आहे की."

"ती चादर माझ्या माहेरची आहे," बायको आतून म्हणाली. "ती दगडांवर जायची नाही."

'तिथेच जा' हे माझ्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. तरी गेलो. आणि त्या दुकानात पाऊल टाकताक्षणी माझी खात्री पटली, की इथे काहीतरी काळंबेरं आहे. दुकानदार उठून उभा राहिला. "या काका, बसा. चहा घेणार?"

माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. दुकानदारानं मला बसा म्हटल्याचं आठवत नाही. बाहेरच्या माणसाला कदाचित यात काही वाटणार नाही, पण आमच्याकडे गिऱ्हाइकाशी गोड बोलतो तो एक तर नवा असतो, नाही तर त्याच्या मालात खोट असते. हा नवा दिसत नव्हता.

चहा मी नाकारला. त्यानं राखाडी रंगाची एक छोटीशी गुंडाळी काढून माझ्या हातावर ठेवली. दुधीभोपळ्याएवढी. वजन जवळजवळ नाहीच.

"यात भरलंय काय?" मी विचारलं.

"फार काही नाही काका. उन्हाळ्यात लागतही नाही. दोन मुक्कामांना आरामात होईल."

दोन मुक्काम? मी तर त्याला मुक्कामांबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता. मी लेबलाकडे वळलो. तिथे तीन तापमानं छापलेली. एकाच पिशवीची.

"पहिला आकडा आरामाचा," तो समजावू लागला. "दुसऱ्यात कुडकुडत का होईना, झोप लागेल. तिसऱ्यात नुसते जिवंत राहाल. तुम्ही पहिलाच बघा. हवं तर आत शिरून पाहा, मी खाली सतरंजी घालतो."

मी शिरलो नाही. गिऱ्हाईक एकदा गळ्यापर्यंत चेनमध्ये बंद झालं की त्याला उठून जाता येत नाही, हे मला कळत होतं. किंमत विचारली, तर मी मनाशी धरलेल्या किमतीच्या निम्मी. मग तर मी चपलाच शोधू लागलो.

"काका, घ्या. तुमच्यासाठीच आहे," तो मागून म्हणाला. यावरही मी मान हलवली ती 'समजलं' अशा अर्थानं.

तिथून थेट पेठेतलं दुकान गाठलं. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

"स्लीपिंग बॅग आहे का?"

"दिसत नाहीये का?"

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. समोर हिरवीगार, गुबगुबीत, लहान मुलाएवढी एक बॅग टांगलेली होती. लेबलावर एकच आकडा. उणे दहा. मी हात लावायला गेलो.

"घ्यायची असेल तर हात लावा. परत घेणार नाही, बदलून देणार नाही. झोप लागली नाही तर इकडे येऊ नका."

असा माणूस फसवेल? मी पैसे मोजले. राखाडीच्या दुपटीहून जास्त, पण मनाची शांती वेगळीच.

घोळ झाला तो घरी, सॅक भरताना. बॅग आत गेली आणि सॅक संपली. कपडे कसेबसे बाजूनं कोंबले. पाण्याच्या बाटल्या वगळणं शक्य नव्हतं. पातेलं तीनदा आत घातलं आणि तीनदा ते माझ्याकडे बघत बाहेर आलं. शेवटी मी विचार केला, चार-पाच जणं येणार, पोरं हुशार असतात, कोणीतरी एक जादा पातेलं आणेलच. ते मी हळूच कपाटात ठेवलं आणि निघालो.

कोणी आणलं नव्हतं.

गडावर पोहोचलो त्या संध्याकाळी डाळ-तांदूळ होते, चूल पेटली होती आणि पाच जणं माझ्या सॅककडे बघत होती. मी चेन उघडली. हिरवी बॅग सुस्कारा सोडून बाहेर फुगली.

"बाबा, हे काय आहे?"

"उणे दहा," मी म्हणालो.

त्या वेळी वारा पडला होता, आणि नुसतं बसूनही घाम येत होता. तिच्या एका मित्रानं बॅगेला हात लावला. "काका, एव्हरेस्ट परवा आहे ना आपलं?" बाकीचे हसले. ती हसली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो. पोहे पाण्यात भिजवून तिखटमीठ लावून खाल्ले. बॅगेत मी शिरलोच नाही. गादी म्हणून खाली घातली, आणि गादी म्हणून ती उत्तम होती, हे नमूद करतो.

सकाळी चहा नव्हता. कशात करणार? आम्ही दोघं तटावर बसलो होतो. मी तिला खडकीची सगळी हकीकत सांगितली: तो गोड बोलणारा, ते तीन आकडे, निम्मी किंमत. "आणि दोन मुक्काम, हे त्याला कुठून कळलं? तूच सांग, संशय येणार नाही?"

तिनं बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"मी सांगितलं होतं त्याला. माझे बाबा येतील, त्यांना ही राखाडी दाखवा. निम्मे पैसे मीच भरून ठेवले होते. पहिल्या पगारातले. सरळ दिली असती तर तू म्हणाला असतास, नको, उगाच खर्च."

मी तसंच म्हणालो असतो. आत्ताही तोंडात तेच आलं होतं, ते गिळलं. दिवाळीनंतरच्या मोठ्या ट्रेकचं विचारायचं माझं धाडस झालं नाही. दुसरा मुक्कामही भिजवलेल्या पोह्यांवरच निघाला. उतरताना सगळी वाट ती पुढे होती, आणि उणे दहा माझ्या पाठीवर.

पुढच्या आठवड्यात मी खडकीला गेलो. दुकानदार उठून उभा राहिला. "या काका." त्यानं काउंटरखालून तीच राखाडी गुंडाळी काढली. बाजूला ठेवलेली होती. या वेळी मी चहाला हो म्हणालो, पण पहिला घोट जरा जपूनच घेतला. मग त्यानं घातलेल्या सतरंजीवर, भर दुकानात, गळ्यापर्यंत चेन लावून आडवा झालो.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे," मी म्हणालो. मग राहवेना. "तिनं अजून काही सांगितलंय का?"

"ताईंनी? हो. परवाच येऊन गेल्या. म्हणाल्या, दिवाळीनंतर जायचंय, तेव्हा पातेलं आधी भरा आणि बॅग नंतर."