मंजुरी माझ्याकडे

"आधी विचार, मग खर्च कर," असं अक्का सारखं म्हणायच्या, आणि म्हणताना माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवायच्या, जसं काय तो माउस तापलाय.

हिनकलला आमचं ऑफिस, लोकांच्या घरात कपाटं, किचन करून देणारं. मी तिथं कम्प्युटरात बिलं भरायला लागले तेव्हा माझी पोरगी अंगावर पीत होती, मी दहावी नापास, कुठलं बटण दाबलं की काय मोडंल हीच भीती. बजेट अक्का बघायच्या. आमच्यासारख्याच घरी मराठी बोलणाऱ्या, अर्धं कन्नड मिसळून. पोरगी रडली की तिला खांद्यावर टाकून "निधान, निधान, घाई नको" म्हणत मला शिकवायच्या. प्रत्येक घराचं एक प्रोजेक्ट. प्लायवूडला एवढे, मजुरीला एवढे, गाडीभाड्याला एवढे. बिल भरलं की पडद्यावरची पट्टी सरकायची, हिरवी असली तर बरं, पिवळी झाली की जपायचं, लाल झाली की मालक ओरडायचे. आणि अक्कांनीच घातलेला नियम, बजेट ज्यानं केलं त्यानं मंजुरी द्यायची नाही, दुसऱ्यानं द्यायची, आणि नाही म्हणायचं तर कारण लिहायचं.

"स्वतःला कोण नाही म्हणतं ग?" असं त्यांचं.

एकदा मेस्त्री न विचारता महागाच्या बिजागऱ्या घेऊन आला. अक्कांनी खोकं उघडलं, छान हायत म्हणल्या, मग म्हणल्या, "मेस्त्री, तुमच्या मुलीच्या घरी बसवा. हे घर दुसऱ्याचं." तो खोकं उचलून परत गेला, दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी चिरोटी घेऊन आला, तर ही कुठल्या खात्यातली म्हणून विचारलंच. तुम्ही पण असं माणूस बघितलं असंल, राग येतो आणि त्याच्याशिवाय चालत पण नाही.

मग अक्कांच्या पोटात गाठ निघाली. त्यांनी ऑफिसात बसून स्वतःच्या नावाचं प्रोजेक्ट केलं, औषध, तपासण्या, ऑटो, सगळी खाती घालून. जमवलेलं अर्धं त्यात, अर्धं आईला. अग्रहारात भाड्याच्या घरात दोघीच, आईला डोळ्यानं दिसत नाही. आणि मंजुरी माझ्याकडे. मी म्हणलं, अक्का, मला नको, मला भीती वाटते.

"म्हणूनच तुला," म्हणल्या.

त्यांचं बिल आलं की माझा फोन वाजायचा. मी दाबायचे, पट्टी सरकायची. त्यांचे केस गेले, मग पट्टी पिवळी झाली. मी हात जोडले, बजेट वाढवा अक्का, तुम्ही फक्त मागा, मी लगेच दाबते, आईच्या वाट्यातलं घ्या.

"मग आईला कोण बघंल? तू?"

माझ्या घरात मलाच कोण बघत नाही.

एका सकाळी मी पोरीला नाचणीची सरी, पेजेसारखी, भरवत होते आणि अक्कांचं मागणं आलं. बजेट वाढवायचं असंल म्हणून मला एवढा आनंद झाला, चमचा तसाच तिच्या तोंडात. उघडलं तर काय, औषधाच्या खात्यातलं राहिलेलं सगळं काढलं होतं आणि नवीन खातं केलं होतं, आईला सांभाळायला बाई. कारणात एकच शब्द, "आयतु". झालं म्हणून.

मी दाबलं नाही. पोरीला घेऊन ऑटोनं अग्रहारात गेले. अक्का चटईवर पडल्या होत्या, आई त्यांचे पाय धरून बसलेली, कोण आलंय, कॉफी दे त्यांना, म्हणत होती. अक्का रागावल्या नाहीत. हळूच म्हणल्या, आता औषधानं थोडे दिवस वाढतील, बरं होणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं.

"तू नाही म्हण, मी ऐकते. पण कारण लिही."

मी फोन घेऊन बसले. भीती वाटते असं लिहिलं, पुसलं. तुम्ही जाऊ नका लिहिलं, ते पण पुसलं. आई अक्कांचे पाय चोळत होती. मी दाबलं.

दसऱ्याच्या आधीच अक्का गेल्या. आता बाईचा पगार द्यायला मी दर महिन्याला अग्रहारात जाते. पाय वाजले की आई चटईवर सरकून जागा करते, काही बोलत नाही. मी बसले की माझा हात हातात घेऊन लेकीचा आहे का चाचपून बघते, आणि सोडते.