मानपुरात दिसलेले माग आणि पानाच्या कोपऱ्यातली रिकामी चौकट

नानामामाचं पत्र आलं तेव्हा मी सुट्टीवर पुण्यात होते. पत्रात तीनच ओळी होत्या: "मिल बंद झाली. आता टाइमच टाइम आहे. थंडीत गराडू मस्त मिळतात, ये." मिल बंद पडल्याची बातमी माणूस गराडूच्या आमंत्रणासोबत कळवतो म्हणजे तो इंदूरचाच असणार. नवरा आणि मी तेव्हा आखातातल्या एका देशात नोकरी करत होतो. देशाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

मिल एकामागून एक बंद पडत होत्या आणि घरांवर छत्र्यांसारख्या डिश उगवत होत्या, त्या दिवसांतला हा प्रवास आहे. पुण्याहून संध्याकाळी निघणारी बस तेव्हाही होती, आजही आहे. धुळे, शिरपूर, सेंधवा करत ती पहाटे खलघाटाला नर्मदा ओलांडते. जाताना डावीकडची खिडकी घ्या आणि स्वेटर पिशवीत नाही, अंगात असू द्या. मी पिशवीत ठेवला होता, आणि पिशवी टपावर होती.

सकाळी बस मानपुरला चहासाठी थांबली. आग्रा-मुंबई रस्त्यावरचं हे गाव ट्रकवाल्यांच्या जिवावर जागं असतं. कुडकुडत, चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून मी ढाब्यामागे ऊन शोधत गेले, तर तिथे मुंबईकडे तोंड करून तीन ट्रक उभे होते. एकाची ताडपत्री सुटली होती आणि आत लोखंडी माग रचलेले होते. मागांवर पिवळ्या रंगात नंबर होते आणि नंबरांच्या वर कुंकवाची पाच-पाच बोटं उमटलेली होती.

ती बोटं मला ओळखीची वाटली. मामा मिलच्या विणाई खात्यात कारकून होता. दसऱ्याला कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे, तेव्हा लहानपणी मीही असंच कुंकू लावलेलं आहे. भंगारात चालले असतील बिचारे, असं म्हणून मी बसमध्ये जाऊन बसले.

महू गेलं, राऊ गेलं. राऊच्या आसपास तेव्हा शेतंच शेतं होती आणि मधेच एखाद्या कॉलेजची नवी पाटी. इंदूरला उतरून टेम्पोनं परदेशीपुरा गाठलं. मामीनं पोहे आणि जिलबी समोर ठेवली. पोह्यांवर शेव आणि वाफेवरच वाफ. इंदूरला गेलात तर पोहे नऊच्या आत खा, नंतर मिळतात ते नुसते पोहे असतात. बशी संपेपर्यंत मी बोललेच नाही, आणि मग सहज मागांचं सांगितलं.

मामाचा घास हातातच राहिला. "लूम? कुंकू लावलेले? बिलकुल पक्कं पाहिलंस?"

"पाहिले ना. भंगारवाला नेत होता."

"भंगार कुठलं, बाई. मामला कोर्टात आहे. मॅनेजमेंटनं लिहून दिलंय की सगळे लूम अंदर आहेत आणि शेडला ताळं आहे. सोमवारी तारीख आहे. लूमच नसले तर जज साहेब चालू काय करायला सांगणार?"

मिलच्या पुढच्या फाटकावर कामगार आळीपाळीनं बसून पहारा देत होते. माल मागच्या नाल्याकडच्या फाटकानं गेला असणार, असं मामाचं म्हणणं. मामा कारकुनीखेरीज एक साप्ताहिक चालवायचा. चार पानं, तीन हिंदी आणि एक मराठी. छापखाना घराच्याच पडवीत. पायानं चालवायचं छपाईयंत्र आणि अक्षरांचे खिळे जुळवायला गफूरभाई. ते मामाहून थोरले होते आणि चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे. अंक शनिवारी निघायचा. त्यातली एक रीत मी दुसरीकडे कुठेच पाहिलेली नाही: प्रत्येक बातमीखाली ती ज्यानं डोळ्यांनी पाहिली त्याचं नाव आणि मुक्काम. पाहणारा नाव देत नसेल तर बातमी नाही.

म्हणजे ही बातमी माझ्या नावानं छापावी लागणार होती.

आता आखातातली नोकरी सांगते. तिथल्या एका इंग्रजी पेपरात मी पानं आखायचे. रोज संध्याकाळी प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट रिकामी सोडायची. सरकारी साहेब यायचे, वाचायचे, चौकटीत आद्याक्षरं करायचे, मग पान छपाईला. साहेब सज्जन होते, माझ्या मुलीसाठी खजूर आणायचे. पण आमच्या एका उपसंपादकानं सही न घेता एक फोटो छापला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची खुर्ची रिकामी राहिली. कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

मामाला म्हटलं, "माझं नाव नको. तिकडे कळलं तर?"

"तिकडे कोण नेणार? मामीचं लोणचंसुद्धा तुझ्यापर्यंत पोचत नाही," मामा म्हणाला. मग म्हणाला, "जबरदस्ती नाही हं. तू पान तर आखून दे, मजकूर लिही. नावाचं शुक्रवारी बघू."

बुधवार-गुरुवार मी घाबरलेली पाहुणी म्हणून शहर हिंडले. काचमंदिरात शंभर ठिकाणी माझाच चेहरा दिसला आणि एकही धीट वाटला नाही. राजवाड्याजवळ गराडू खाल्ले. कंदाचे तळलेले तुकडे, वरून तिखट मसाला आणि लिंबू. जीभ भाजते, पण खायचे गरमच. दुकानदारानं विचारलं, "भिया के यहाँ से हो? वो मिल के अखबार वाले?" आणि पैसे घेतले नाहीत. मामाला एवढे लोक ओळखतात याचा आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली.

शुक्रवारी पान आखून गफूरभाईंना दिलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "बेटी, ये कोने में जगह किसके वास्ते छोड़ी? इश्तिहार आने वाला है क्या?"

मी पाहिलं. जाहिरात कसली, उजव्या कोपऱ्यात, पट्टी लावून, नेमक्या मापाची चौकट मी रिकामी सोडली होती. परदेशीपुऱ्यातल्या एका पडवीत, जिथे कुणी साहेब येणार नव्हता. मजकुरात तर मी "काही यंत्रसामग्री हलवण्यात आल्याचे समजते" असं लिहून ठेवलं होतं. कुणी पाहिलं, कुणी हलवली, काहीच नाही.

मामा हसायला लागला आणि मग स्वतःचं सांगू लागला. आणीबाणीत तोही दर आठवड्याला प्रूफं घेऊन साहेबाकडे जायचा. साहेब लाल पेन्सिलीनं कापायचे. कापलेली जागा मामा कोरी सोडायचा, तर तेही नको म्हणाले. मग त्यानं तिथे दाल-बाफल्यांची कृती छापली. सलग तीन आठवडे, तीच. लोकांना बरोबर कळलं.

"मला विचारत होत्या बायका," मामी आतून म्हणाली, "की तुमच्याकडे रोज बाफलेच असतात का म्हणून."

"तेव्हा खरं छापायची सोय नव्हती," मामा म्हणाला. "आता आहे. बडे पेपर मिलवाल्यांच्या जाहिराती घेतात, तर ते आपणहून चुप राहतात, ते वेगळं. पण कोपऱ्यात कोणाची सही लागत नाही. म्हणून आपण पाहणाऱ्याचं नाव टाकतो. तेव्हा टाकता येत नव्हतं ना."

मी मजकूर फाडला आणि पुन्हा लिहिला: मी मानपुरात तीन ट्रक पाहिले, त्यातल्या एकात विणाई खात्याचे माग पाहिले, त्यांवर नंबर असे, कुंकू असं. गफूरभाईंनी विचारलं, "नाम?" मी माहेरचं नाव सांगितलं. तिकडच्या कागदपत्रांत ते नव्हतं. ही पळवाट मामाला कळली. तो एवढंच म्हणाला, "खरं आहे ना? मग झालं." गफूरभाईंनी ते नाव त्या चौकटीतच जुळवलं.

सोमवारी कामगारांच्या वकिलांनी अंक कोर्टात दाखवला. शेड उघडायचा हुकूम झाला, आत रिकाम्या जागा सापडल्या आणि उरलेल्या मागांना खरं सील लागलं. गेले ते परत आले नाहीत. मिलही पुढे कधी सुरू झाली नाही, हे सांगायला हवं. पण फाटकावरचे लोक, आपलं कुणी ऐकून घेतलं म्हणून, मामीकडे नारळ देऊन गेले.

बुधवारी मिलकडून मामाला वकिलाची नोटीस आली. मी घाबरून त्याच्याकडे पाहिलं, तर तो चहात टोस्ट बुडवत ती वाचत होता. पुढच्या अंकात त्यानं ती जशीच्या तशी छापली आणि खाली लिहिलं: पाहणारा, मी स्वतः. नोटीस आली आणि माणूस घरीच, आपल्या खुर्चीत, टोस्ट खात. मला रडू आलं. मामीला वाटलं, चहा पोळला.

परतीच्या बसनं पुण्यात आले आणि आठवड्यानं आखातात. पुढे सहा वर्षं मी रोज ती चौकट सोडली. धाडसी झाले असं काही नाही. पण आधी हात ती आपोआप सोडायचा, आता सोडताना मला ती दिसायची.

मामा, मामी, गफूरभाई आता नाहीत. मिलच्या आवारात आता काय आहे ते बघायला मी गेलेली नाही. पण सकाळी पेपर दारात पडला, त्यातलं अर्धं पटलं नाही आणि ते मोठ्यानं म्हणता आलं, की मी मनातल्या मनात परदेशीपुऱ्याच्या त्या पडवीला हात जोडते.

हा ब्लॉग इतकी वर्षं मी 'भटकी मावशी' या नावानं लिहिला. बरेच जण विचारतात, मावशी, तुमचं खरं नाव काय? मी विषय बदलून बसच्या वेळा सांगते. आज वेळा नाही सांगत.

पाहणारी: सुनंदा विद्वांस, माहेरची सुनंदा खोत, मुक्काम पुणे.