गच्चीवरचं पातेलं

शिवानंदचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत होते. "काकू, अक्का गेल्या. खुर्चीतच," तो म्हणाला आणि मी सावरायच्या आत पुढं, "त्ये मांजर कुणी घेतंय का बघा की. न्हायतर पोत्यात घालून मासळी बाजारात सोडतो. जगतंय तिथं." मी विचारलं, "तिनं खाल्लंय का? इंजेक्शन दिलंय का कुणी?" पलीकडून, "मांजराला?" सख्खी काकू खुर्चीत गार पडलेली असताना या माणसाला सुचलेलं एकमेव काम म्हणजे पोतं शोधणं.

त्याला महिना उलटला. शोकसभेत अक्कांना मायाळू, सोशिक, सगळ्यांना धरून राहणाऱ्या असं बरंच काही म्हटलं गेलं. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या लोकांनी अलीकडं त्यांच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. सुशीलाक्का मायाळू नव्हत्या. त्या निपाणीकडच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही आणि जगातल्या बहुतेक माणसांविषयी त्यांचं मत वाईट होतं. आमच्या दोन घरांत एकच भिंत. माझ्या कामांची यादी फ्रिजवर चिकटवलेली असते, ती वाचून म्हणायच्या, "तुझ्या घरात देवसुद्धा नंबर लावूनच येत असंल ग." हे कौतुक नव्हतं. पण त्या तोंडावर बोलायच्या, आणि माझ्या अनुभवात तोंडावर बोलणारी माणसंच वेळेला उपयोगी पडतात.

बेळ्ळी म्हणजे कानडीत चांदी. अक्कांची पांढरी मांजरी, पिल्लाची म्हातारी झाली ती दूध-भाकरीवर. घर लिंगायत, पूर्ण शाकाहारी. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. म्हातारपणी ती भांडीच्या भांडी पाणी प्यायला लागली, चालताना मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकायला लागल्या, तेव्हा मीच दोघींना जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मधुमेह निघाला. मूत्रपिंडंही थकलेली, दात बहुतेक गेलेले. डॉक्टर म्हणाले, "दूध-भाकरी बंद. उकडलेली कोंबडी द्या, अगदी बारीक करून, आणि बेतानं. पोटात गेलं की मगच इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. खाल्लं नाही तर सुई टोचायची नाही, मला फोन करायचा." अक्कांनी विचारलं, "पनीर चालंल?" डॉक्टर म्हणाले, "आज्जी, मांजर आहे ते." परतताना दारात रिक्षातून उतरल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कोंबडी कुठं मिळती ते तुला ठाऊक असणार."

मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवसापासून मी आणून द्यायची आणि त्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, वेगळ्या शेगडीवर वेगळ्या पातेल्यात शिजवायच्या. खाली उतरल्यावर आंघोळ करून मगच देवापाशी जायच्या. दोन्ही वेळा. सत्तरी ओलांडलेली बाई.

बातमी पेठ वडगावला पोचली. अक्कांच्या जाऊबाई शकुंतलाबाई तिथं राहतात, शिवानंद त्यांचाच मुलगा. त्यांनी जाहीर केलं, की आता या घरात घोटभर चहासुद्धा घेणार न्हाय. अक्का म्हणाल्या, "साकू." म्हणजे पुरे. "मांजराचं दूध बंद केल्यापासून तेवढंच चहाला उरत होतं, ते आता विरजणाला लावते." शिवानंद महामार्गावरच्या ढाब्यावर काय चोखत बसतो हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मी तसं म्हटल्यावर मला म्हणाला, "बाहेरचं येगळं, काकू. घर म्हंजे घर." असल्या माणसांशी वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही.

कुळाचा देव अक्कांच्या घरात, त्यामुळं श्रावणातल्या पूजेला मात्र सगळे यायचे. त्या सकाळी बेळ्ळीनं खायला सुरुवात केल्यावर अक्कांनी इंजेक्शन दिलं आणि आरतीला खाली आल्या. मागून शकुंतलाबाई गच्चीवर गेल्या आणि ताटली कावळ्यांपुढं रिकामी करून आल्या. अंगात औषध, पोटात काही नाही; रक्तातली साखर एकदम उतरली. थोड्या वेळानं मांजरी झिंगल्यासारखी जिन्यावरून घसरत आली आणि देवघराच्या दारात आडवी होऊन पाय झाडायला लागली. अक्कांनी काकवीची बरणी ओढली, बोटानं तिच्या हिरड्यांना काकवी चोळत राहिल्या. शेजारी उभ्या शकुंतलाबाई ओरडताहेत, "गोडाचं दुखणं आन् गोडच चोळतीस? येडी का खुळी तू!" अक्कांनी मान वर केली नाही. "शकुंतला, तू केलेलं पुण्य हितं पडलंय. नीट बघून घे."

मांजरी वाचली. त्यानंतर अक्का ताटली रिकामी झाल्याशिवाय गच्चीवरून हलत नसत.

अक्का गेल्या त्या दिवशी मी पोचले तेव्हा त्यांना लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं भस्म लावून, हार घालून बसवलेलं होतं. बेळ्ळी न्हाणीत कोंडलेली. गच्ची धुऊन झाली होती. शेगडी आणि पातेलं कचऱ्याच्या कोंडाळ्यात. अंत्यविधीचं सामान अजून आलेलं नव्हतं, पण पातेलं फेकायला माणसं मिळाली होती. मी फ्रिजमधून औषध घेतलं, मांजरीला भाजीच्या बुट्टीत घातलं. शकुंतलाबाई कानाशी येऊन म्हणाल्या, "पावणं बसल्यात. मागच्या दारानं न्या." मी अक्कांना नमस्कार केला आणि पावण्यांच्या मधून, पुढच्या दारानं बाहेर पडले.

माझ्या घरी ती खाईना. तीच कोंबडी, तसंच बारीक केलेलं. ती ताटलीसमोर बसायची आणि माझ्याकडं बघत राहायची. किती पोटात जातंय ते कळायला हवं, म्हणून मी समोर बसून राहायची. जागा बदलली, ताटली बदलली. खाणं नाही म्हणून इंजेक्शन नाही, आणि इंजेक्शन नाही म्हणून ती आणखी मलूल. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, आणखी एक दिवस बघू...

त्या संध्याकाळी खाली भाजीवाल्यानं हाक मारली. मी खिडकीशी गेले आणि कालच्या किडक्या वांग्यांबद्दल त्याला चार शब्द सुनावले. मागं जिभेचा आवाज आला. वळले, तशी ती थांबली. पुन्हा पाठ फिरवली, बोलत राहिले, पुन्हा आवाज.

मग मला गच्चीवरच्या अक्का आठवल्या. त्यांना ते खाणं बघवत नसे. ताटली ठेवून त्या कठड्याशी पाठमोऱ्या उभ्या राहायच्या आणि खालून जाणाऱ्या एकेकाचा उद्धार करायच्या. "हा बघ, बायकोला पिशव्या देऊन पुढं चाललाय नंदी." मांजरीनं माणसाच्या हातचं मांस असलं बोलणं ऐकतच खाल्लं होतं.

आता दोन्ही वेळा मी खिडकीशी उभी असते. गल्लीत निंदेला माणसांचा तुटवडा नाही. काल शिवानंद कुणा गिऱ्हाइकाला अक्कांचं घर दाखवायला घेऊन आला होता. शर्ट इस्त्रीचा, कपाळाला ठसठशीत भस्म, आणि काकूचा विषय निघाला की रुमाल डोळ्यांना. त्याच्याविषयी मला काय वाटतं ते मी आवाज न चढवता, सविस्तर, तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत सांगितलं. मागं ताटली चाटूनपुसून साफ झाली होती. मग मी सुई भरली.