संदीपचे तीन चौकोन

मांडवीतल्या आमच्या ऑफिसात काम कमी आणि किस्से जास्त होतात. आम्ही फॉन्ट बनवतो. सध्या हातात तुर्कस्तानातली लुवियन चित्रलिपी आहे, तीन हजार वर्षांची. दगडावरच्या प्रत्येक चित्राला आता कॉम्प्युटरमध्ये एक ठरलेला क्रमांक आहे, आणि त्या क्रमांकावर बसायचं चित्र आम्ही काढतो. हे घरी समजावून सांगितलं की घरचे विचारतात, "मग नोकरी कधी बघणार?"

*

चित्रं काढतो संदीप. एकदा त्याने गाढवाचं डोकं काढलं. आमचे साहेब जयंतकाका पूर्वी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. स्क्रीनकडे बराच वेळ बघून म्हणाले, "मेल्या, ह्याला आधी गुरांच्या डॉक्टरकडे ने."

*

या लिपीत प्राण्यांची तोंडं ओळीच्या सुरुवातीकडे असतात. संदीपने सगळी उलटी फिरवली. काका म्हणाले, "अख्खा गोठा पाठमोरा बांधलास रे!" मग संध्याकाळपर्यंत आम्ही गुरं वळवत बसलो.

*

'मी' या अर्थाचं चित्र म्हणजे स्वतःकडे बोट दाखवणारा माणूस. ते जमेना, म्हणून काकांनी संदीपलाच नाकावर बोट ठेवून बसवलं आणि स्वतः काढायला घेतलं. तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या सुमनताई आल्या.

"चहा कोणी सांडला?"

संदीपचं बोट नाकावरच होतं. फरशी त्यालाच पुसावी लागली.

*

संदीपचा जीव राजापूरच्या सोनालीवर. तिच्या वडिलांची आंब्याची बाग. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, तरी याला बोलायची हिंमत होईना. शेवटी पठ्ठ्याने आमच्याच लिपीत मेसेज केला: मी, हात, घर. पण फॉन्ट पाठवायला विसरला. तिच्या मोबाइलवर उमटले नुसते तीन रिकामे चौकोन.

तिचं उत्तर आलं, "बाबांना सांगते."

संदीप दिवसभर हवेत. दुसऱ्या दिवशी राजापूरच्या एसटीने हापूसच्या तीन पेट्या आल्या.

आंबे आम्ही खाल्ले. संदीपने एका फोडीलाही हात लावला नाही. त्याने तिला फॉन्टची फाइल पाठवली आणि उत्तराची वाट बघत बसला. आठवडा गेला, पण मोबाइल गप्प. त्याचं कामातही लक्ष लागेना. शेवटी काका वैतागले.

"अरे, मुलीला चौकोन पाठवणाऱ्या माणसाशी लग्न करणार कोण?"

दारात सोनाली उभी होती, रिकाम्या पेट्या न्यायला आलेली. तिने काकांकडे बघितलं, संदीपकडे बघितलं आणि स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं.