थोरलीच्या खिडकीपुढची झुडपं

धाकटीने उभा जन्म काजं करण्यात घालवला. शर्टाची, कोटाची, गणवेशांची, नर्सबाईंच्या डगल्यांची. पुढे शिंप्याच्या दुकानात काजं करायचं मशीन आलं, तरी ज्यांना हाताचंच काज हवं असायचं ते हिलाच शोधत यायचे. गल्लीत तिला काजवाली म्हणत आणि घरात धाकटी, कारण तिच्या वर एक थोरली होती.

थोरली म्हणजे मोठी जाऊ. दोघींचे नवरे पाठोपाठ गेले, मुलं पोटापाण्याच्या मागे पांगली, आणि मागे उरल्या या दोघी, दोन खोल्या, एक मोरी आणि मागचं अंगण. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, पण एका गोष्टीवर कधी एकमत झालं असेल तर शपथ. चहात साखर आधी की पत्ती आधी, इथपासून सुरुवात. भांडायला घरात हक्काचं माणूस असणं ही केवढी चैन आहे, हे धाकटीला कळलं ते थोरली भांडेनाशी झाली तेव्हा.

झालं असं, की मोरीत पाय घसरून थोरलीचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड सांधलं, घरी आली आणि मागच्या खोलीतल्या पलंगावर आडवी झाली ती झालीच. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी चार पायांचा वॉकर आणून पलंगाशी उभा केला. थोरली त्याच्यावर टॉवेल वाळत घाली.

डॉक्टरांनी धाकटीला दवाखान्यात बोलावून घेतलं. "हाड जागेवर बसलंय हो. माणूसच उठायला तयार नाही. थंडी सुरू व्हायच्या आत पायावर उभ्या राहिल्या तर राहिल्या. नंतर पायातली ताकद जाते, मग पलंग काही सुटत नाही."

धाकटीने सगळं नीट ऐकून घेतलं. पण घरी येऊन तिने थोरलीला एवढंच सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, तुम्ही आळशी आहात."

"त्यांना म्हणावं, चहा प्या," असं म्हणून थोरलीने कूस बदलली.

या कूस बदलण्यावर धाकटीचं बारीक लक्ष असायचं. पलंगाच्या एका बाजूला खिडकी, दुसऱ्या बाजूला भिंत. बाहेर काही हललं, की थोरली खिडकीकडे तोंड करी, दोन घास जास्त खाई, व्यायामाच्या बाईंना पाय उचलू देई. बाहेर सगळं सुनसान असलं, की तोंड भिंतीकडे. मग ना खाणं, ना बोलणं. एकदा एक गलेलठ्ठ भुंगा खिडकीच्या गजावर डोकं आपटत राहिला, तर थोरली तासभर त्याच्या नावाने बोटं मोडत बसली. धाकटीला वाटलं, हेच औषध. अंगणात फुलं लावायची. फुलं आली की मागोमाग मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं येणारच.

ती रोपवाल्याकडे गेली आणि झाडं निवडली ती जन्मभर लेस निवडली तशी. जिला जास्त चुण्या ती चांगली. एकेरी पाकळ्यांची फुलं तिला चापूनचोपून शिवलेल्या परकरासारखी वाटली. दुहेरी, तिहेरी पाकळ्यांची, घेरदार अशी पाहून पाहून घेतली. अंगणातलं सगळं रान उपटलं. एका कोपऱ्यात तरवडाचं जुनं झुडूप होतं, ते मात्र हटेना. कुदळीचा दांडा मोडला तेव्हा तिने त्याचा नाद सोडला.

पंधरवड्यात अंगण कापडाच्या दुकानासारखं दिसायला लागलं. धाकटी कमरेवर हात ठेवून खिडकीशी उभी राहिली. "कसं वाटतंय, जाऊबाई?"

"छान आहे. कागदाची का गं?"

"अहो, खरी आहेत!"

"मग एक माशी का फिरकत नाही? आपल्या मोरीत याहून जास्त वर्दळ असते."

धाकटीला राग आला, पण ते खरं होतं. माश्या यायच्या, फुलावर घिरट्या घालायच्या आणि निघून जायच्या. तिने एक फूल तोडून बोटांनी उसवलं. पाकळीच्या आत पाकळी, तिच्या आत आणखी पाकळी. पराग नावाला नाही. नुसती झालर, आणि खिसा शिवायचाच राहिलेला. पोट भरायला आलेल्या माशीने झालरीचं काय करायचं?

"आणि तिकडे बघ," थोरली म्हणाली, "तुझ्या त्या दळभद्र्या काटकुळीवर रांग लागलीय."

तरवड पिवळाधमक फुलला होता आणि मोठमोठे काळे भुंगे फुलं हलवून हलवून पराग झाडत होते. त्या आवाजाने थोरली सकाळपासून खिडकीकडे तोंड करून होती.

दुसऱ्या दिवसापासून धाकटीच्या डोळ्यांना नवा चष्मा लागल्यासारखं झालं. शिंप्याच्या दुकानात जाता येता ती नाल्याच्या कडेला थांबे, शाळेच्या मागच्या भिंतीशी वाके. कुणी न लावलेलं, कुणी पाणी न घातलेलं काय फुललंय आणि त्याच्यावर कोण बसलंय, एवढंच बघे. तिच्या ध्यानात आलं, की इथली झुडपं आणि इथल्या माश्या म्हणजे जुन्या शेजारणी आहेत. कुणाच्या घरात कुठला डबा कुठे असतो, ते न विचारता ठाऊक असलेल्या. दुकानाजवळच्या एका मोकळ्या जागेवर इमारत उठणार होती. तिथल्या वॉचमनला तिने गाठलं.

"झाडं नेऊ का, दादा?"

"कुठली झाडं? इथं तर सगळा कचरा आहे."

"तोच द्या."

वॉचमनने फाटकी पोती दिली, आणि ही बाई चोरी करत नसून खुळी आहे अशी खात्री पटल्यावर फावडंही दिलं. निर्गुडी, रानतुळस, रानघेवड्याची वेल, सगळं मुळांच्या मातीसकट घरी आलं.

आता कुठलं कधी फुलतं हे लक्षात राहावं, म्हणून धाकटीने थोरलीच्या चादरीवर चिंध्या मांडल्या. तरवडाची पिवळी पट्टी, तिला लागून निर्गुडीची फिकट जांभळी, तिला लागून रानतुळशीची पांढरी. कडेला कड चिकटवून. धाकटी पहिल्यापासून काटकसरी, एक संपलं की दुसरं सुरू, मध्ये वाया काही नाही. थोरलीने एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला.

पण झाडांना चिंध्या कोण दाखवणार? तरवडाचा बहर लवकर ओसरला आणि निर्गुडी नुसती पानं हलवत राहिली. अंगणात शुकशुकाट झाला. थोरली भिंतीकडे वळली. व्यायामाच्या बाई दोनदा आल्या आणि हात हलवत परत गेल्या. जाताना म्हणाल्या, "काकू, वेळ निघून चाललाय हो." चादरीवरच्या चिंध्या गोळा करताना तिचे डोळे भरून आले, आणि नाक ओढल्याचा आवाज थोरलीने ऐकला.

भिंतीकडूनच ती म्हणाली, "जन्मभर काय शिवलंस गं तू?"

"म्हणजे?"

"दोन कापडं अशी कडेला कड लावून शिवतेस? मग पहिल्या धुण्यातच उसवणार. शिलाईला कापड सोडावं लागतं, एकावर एक चढवावं लागतं, हे मला सुईला हात न लावता कळतं. चाळीस वर्षं तुझं ते शिवण बघतेय मी." आणि ती वळली. चांगली पूर्ण वळली. "आण त्या चिंध्या इकडे."

दुपारभर दोघी चिंध्यांवरून भांडल्या. एक सरायच्या आत दुसरं फुलायला लागलं पाहिजे, आणि एका वेळी एकच नको, दोन तरी हवीत. एक रुसलं तर दुसरं असावं. नाल्याकाठच्या निर्गुडीला कळ्या धरल्या होत्या, तिची दोन झुडपं आली. रानतुळस काही उन्हात लावली, काही सावलीत, म्हणजे ती मागेपुढे फुलेल. झालरवाली फुलं धाकटीने शेजारणीला देऊन टाकली. शेजारीण खूश झाली, तिला माश्या आवडत नव्हत्या.

निर्गुडीला तुरे आले आणि त्यांच्यावर बारक्या मधमाश्यांची अशी झुंबड उडाली की विचारू नका. ती ओसरायच्या आत रानतुळस पांढरी झाली. थोरली आता पलंगाच्या काठावर पाय सोडून बसायला लागली. बसल्या बसल्या हुकूम सोडायची. पण उभं राहायचं नाव काढलं, की "उद्या बघू". हवेत गारवा यायला लागला होता, आणि धाकटी मनातल्या मनात डॉक्टरांचे शब्द घोळवत होती.

एके सकाळी ती धावतच आत आली. "जाऊबाई, एक माशी आपल्या रानघेवड्याची पानं कापतेय!"

"कुरतडत असेल. कीड लागली असेल."

"कापतेय म्हणते ना मी! गोल, वाटी ठेवून कापावी तशी. तुकडा पोटाशी धरला आणि गेली उडून. परत आली, दुसरा कापायला लागली."

"कात्रीशिवाय?"

"कात्रीशिवाय."

"कड दातेरी असेल."

"कड माझ्यापेक्षा साफ आहे."

हे मात्र थोरलीला खपलं नाही. धाकटीच्या कामाला ती जन्मभर नावं ठेवत आली होती, पण ती तिची स्वतःची मक्तेदारी होती. एखाद्या माशीने त्यात पडावं? वेल पाण्याच्या टाकीपलीकडच्या कुंपणावर होती, खिडकीतून काही दिसेना.

"पान आण."

"पान आणीन हो. माशी कशी आणू?"

थोरलीने जरा वेळ दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो घोडा सरकव इकडे."

धाकटीने वॉकर सरकवला. तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काढलं असतं, तर थोरली परत बसली असती. थोरली उठली, थरथरली, व्यायामाच्या बाईंना दोन शिव्या दिल्या आणि उंबऱ्याशी आली. मग पायरी. मग अंगण. टाकीला वळसा घालून वेलीशी पोचेपर्यंत कपाळावर घाम आला होता. पण माशी होती. पानाच्या कडेवर बसून गोल गोल फिरत होती.

थोरली बराच वेळ बघत राहिली. "चांगली आहे," अखेर ती म्हणाली. "बडबड करत नाही."

धाकटी खुर्ची आणायला वळली.

"कुणाला हवीय खुर्ची? तो कोपरा मोकळा का ठेवलायस? थंडीत तिथं काय फुलणार?"

"कोरांटी म्हणत होते. शाळेच्या भिंतीला आहे."

"मग बघत काय बसलीस? खड्डा घे. इथं." थोरलीने वॉकरचा पाय मातीत रोवून जागा दाखवली.

धाकटीने कुदळ आणली, नेम धरला, आणि चांगला दोन हात पलीकडे पहिला घाव घातला.

"डोळे फुटले का गं तुझे?" थोरली कडाडली, आणि वॉकर उचलून तिच्याकडे निघाली.